मूठभर ज्वारी आणि तीन रतलांचे पार्सल

मित्रांनो, सुई म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर आईच्या डब्यातली ती नाजूक, चकचकीत सुई येते. तिचे कौतुक फार होते. मी तिच्याच घराण्यातली, पण अंगाने जाड, टोकाशी जराशी वाकलेली आणि बोलायला फटकळ. मी एक जुनी दाभण आहे. पोती शिवायची, गठ्ठे शिवायचे, ही आमची कामे. आम्हाला कोणी रेशमात खोचून ठेवत नाही. तरीही माझे टाके समुद्रापार जाऊन आले आहेत. ही बढाई नाही. बरे, थोडीशी आहे. या वयात तेवढी चालते.

माझा जन्म कारंज्याचा. विहिरीत पडून वाकलेल्या एका बादलीची कडी पुंजाजी लोहाराने भट्टीत घातली, ठोकून ठोकून लांब केली, एका बाजूला टोक काढले आणि दुसऱ्या बाजूला दोरा ओवायचे भोक पाडले. त्या भोकाला नेढे म्हणतात. मला नेढे आहे, पण तोंड नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. पुंजाजीने मला माणिकचंद शेठच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "शेठ, हे दोन पिढ्या टिकन. फक्त ओली ठेवू नका." त्या माणसाचे उपकार मी विसरले नाही. भट्टीत भाजून काढले तेव्हा राग आला होता खरा, पण तो गेला.

माणिकचंद शेठचे दुकान बाजारात होते. रंगीत दोरे, काचमणी, कापडावर शिवायचे छोटे छोटे आरसे असला माल ते ठेवत. आजूबाजूच्या तांड्यांवरच्या बंजारा बाया तो घ्यायला येत. शेठ जैन होते आणि धर्माला फार जपणारे. तराजूच्या पारड्यात मुंगी दिसली तर आधी तिला फुंकर घालून खाली उतरवत आणि मगच माल मोजत. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचे, हा त्यांचा नेम. गिऱ्हाईक दारात उभे असले तरी ते उठत आणि आत जात. त्यांची बायको कंचनबाई मग दुकानात येऊन बसत. माझे काम पोत्यांची तोंडे शिवणे एवढेच. पाच-सहा वर्षे अशीच सुखात गेली.

मग एक वर्ष शेठनी पोहरादेवीच्या जत्रेत दुकान लावले आणि माझे नशीब पालटले.

इंझोरीजवळच्या तांड्यावरची सोजरबाई त्यांच्याकडे आरसे घ्यायला आली होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, वय चाळिशीच्या आसपास. पण हातात अशी कला, की तिने भरलेले कापड पाहून लोक चालता चालता थांबत. तिच्या कमरेला तिनेच शिवलेली एक कोथळी होती. कोथळी म्हणजे तोंडाला नाडी असलेली लहान पिशवी. लाल कापड, त्यावर पिवळे-हिरवे टाके आणि मधोमध सात आरसे. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिकवणारी एक गोरी बाई जत्रा पाहायला आली होती. तिला सगळे एलनबाई म्हणत. ती त्या कोथळीपुढे उभीच राहिली. मराठी ती शिकली होती, पण पुस्तकातली. "ही पिशवी मला विकत मिळू शकेल काय?" असे तिने विचारले, तेव्हा सोजरबाईला हसू आवरेना.

सोजरबाईने कमरेची कोथळी सोडली आणि देण्याआधी तिच्यात मूठभर फुटाणे घातले. एलनबाईला वाटले, वाटेत खायला दिले. तिने तिथेच बसून ते खाल्ले आणि छान आहेत म्हणाली. गोष्ट एवढ्यावर मिटली असती. पण वर्षभराने एलनबाई आपल्या देशी परत गेली आणि तिचे शेठना पत्र आले. स्कॉटलंडात समुद्राकाठच्या एका गावी तिच्या बहिणीचे लहानसे दुकान होते. ती कोथळी पाहून तिथल्या बाया वेड्या झाल्या होत्या. तशा दहा पाठवाल का, असे विचारले होते.

मित्रांनो, सोजरबाईसाठी ते पत्र किती मोठे होते, हे तुम्हाला सांगायला हवे. ती कापसाच्या जिनिंगात कामाला जाई. तिथे सरकीपासून रुई वेगळी करतात आणि हवेत सतत कापसाची धूळ उडते. त्या धुळीने तिच्या छातीत दमा धरला होता. खोकला लागला की ती भिंतीला धरून उभी राही. कोथळ्यांचे काम मिळाले तर जिनिंग सुटणार होते. तिने दोन महिने बसून दहा कोथळ्या भरल्या. एकीसारखी दुसरी नाही.

आता त्या पाठवायच्या कशा? शेठ पोस्टात जाऊन रंगरावांना भेटले. रंगराव पार्सलाच्या खिडकीवर बसत. त्यांनी नीट समजावून सांगितले. "शेठ, तीन रतलाच्या आत असलं त हशील कमी. वर गेलं का पुढचा दर. अन् शिवण अशी पायजे का बोट शिरलं नाई पायजे." रतल म्हणजे साधारण अर्धा शेर. शेठनी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून हलकी पेटी केली, आत मेणकापड घातले, वरून मांजरपाटाचे कापड बेतले. दुकानाच्या काट्यावर सगळे तोलून पाहिले. तीन रतलांच्या आत! शेठचा चेहरा खुलला. तेवढ्यात ऊन उतरायला आले.

"सोजरबाई, मी जेवाले जातो. तुमी शिवून घ्या," असे म्हणून ते आत गेले. कंचनबाई पाणी गाळत होत्या. दुकानात आम्ही दोघीच, ती आणि मी.

सोजरबाईने इकडेतिकडे पाहिले. पदराची गाठ सोडली. पदरात ज्वारी होती. एकेका कोथळीत तिने एकेक मूठ ज्वारी घातली, नाडी ओढली, कोथळी कपाळाला लावली आणि पेटीत ठेवली. मग मला उचलले आणि भराभर टाके घातले. सारे माझ्या समोर घडले. पण मी आधीच सांगितले आहे, मला तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या काट्यावर पार्सल रतलभर जास्त भरले. शेठ पुन्हा पुन्हा म्हणाले, "असं कसं होईन? मी सोता तोललं." रंगराव हसले आणि म्हणाले, "दुकानाचा काटा दुकानाच्या बाजूनं झुकते, शेठ." शेठना ते फार लागले. प्रामाणिक माणूस! घरी येऊन त्यांनी आपला तराजू तीन वेळा तपासला. वरचा दर भरावा लागला तो लागलाच. पार्सल छोट्या गाडीने मूर्तिजापूरला गेले, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि मग बोटीत चढले. दिवस पावसाळ्याचे होते.

चार महिन्यांनी पत्र आले. सोजरबाई निरोप मिळताच धावत आली, म्हणजे तिच्या दम्याला जमेल तेवढी धावत. शेठ वाचू लागले आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली गेला.

"आपले पार्सल मिळाले. पिशव्यांमध्ये ज्वारी होती व ज्वारीत सोंडे झाले होते. आमच्या बंदरावर अधिकाऱ्यांनी ते पाहिले. ओलीमुळे कापडावर डाग पडले आहेत. दाण्यांच्या हादऱ्याने आरसे तडकले आहेत. दहांपैकी तीनच विकता येतील, बाकीच्या परत पाठवल्या आहेत. माझी बहीण पुढे माल घेण्यास तयार नव्हती. मी तिच्याकडून एक वेळ मागून घेतली आहे. ती शेवटची असेल."

शेठनी पत्र खाली ठेवले. मला वाटले, आता हे वरच्या दराबद्दल रागावणार. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "बाई, बंद पेटीत सोंडे झाले. किती जीव मेले असतीन! अन् ते पार्सल म्या धाडलं."

सोजरबाई खालच्या मानेने म्हणाली, "शेठ, कोथळी रिकामी कशी धाडू? माझी माय सांगे, आपल्या हातची कोथळी कोनाच्या घरी रिकामी जाऊ द्यायची नाई. घेनाऱ्याच्या घरात काई उरत नाई मंग."

"थे लोकं कोथळीत दाने पाहून राह्यले का? त्यायले कोथळी पायजे!"

"त्यायले नसन पायजे. मले द्याचे आहे ना."

"एक दाना बी जानार नाई आता. सांगून ठेवतो."

सोजरबाई उठली. तिची मान ताठ झाली. "मंग मी शिवतच नाई. रिकामी कोथळी माझ्या हातून नाई जानार." आणि ती निघून गेली.

मला तिचा राग आला, खरे सांगते. म्हटले, बाई गं, एवढे कशाला धरून बसलीस? दम्याने जीव जाईल, पण मूठभर ज्वारी सुटणार नाही! पण नंतर खुंटीला लटकल्या लटकल्या विचार केला. त्या बाईजवळ देण्यासारखे दुसरे होते काय? आरसे शेठचे, दोरा शेठचा, कापड शेठचे. तिची स्वतःची फक्त ती मूठ होती.

सोजरबाई पुन्हा जिनिंगात जाऊ लागली. आठ-दहा दिवसांनी ती दुकानावरून जाताना कंचनबाईंनी तिला पाहिले. पायरीवर बसून ती खोकत होती, बोलता येत नव्हते. कंचनबाईंनी पाणी आणून दिले, पाठीवरून हात फिरवला. तिच्या केसांत, पदरावर सगळीकडे कापूस चिकटला होता. कंचनबाई तो एकेक करून वेचू लागल्या आणि वेचलेला बोंडभर कापूस ठेवायला जागा नाही म्हणून जवळ पडलेल्या कोथळीत टाकू लागल्या. परत आलेली ती कोथळी होती, तडकलेल्या आरशांची. कापूस आत गेला तशी कोथळी टम्म फुगली.

कंचनबाईंचा हात थांबला. "सोजरबाई, ह्या कोथळीले काय म्हनशीन? रिकामी का भरलेली?"

सोजरबाईने कोथळी हातात घेतली, दाबून पाहिली. आरशांखाली मऊ गादी झाली होती. मग म्हणाली, "कापूस बी शेतातच पिकते. वऱ्हाडातून दुसरं काय द्यावं मानसानं?" आणि बोलता बोलता तिला रडू आले. "मेला माझा दम घेनारा कापूस! त्यालेच मी देनं म्हनून धाडू का?"

"धाड," कंचनबाई म्हणाल्या. "तुझ्या छातीत राहन्यापेक्षा तिकडं गेलेला बरा."

दोघी हसल्या. आत जेवायला बसलेले शेठ हात धुऊन बाहेर आले, तोवर निर्णय झाला होता.

मित्रांनो, त्या दुसऱ्या पार्सलाची तयारी मी कधी विसरणार नाही. शेठनी सरकी काढलेला स्वच्छ कापूस आणला, ओसरीवर पसरला आणि दिवसभर उन्हात ठेवला. आत एखादा किडा राहिला असेल तर त्याला जायला वाट मिळावी, म्हणून. स्वतः चष्मा लावून चिमूट चिमूट पाहिला. सोजरबाईने दहा नव्या कोथळ्यांत थोडा थोडा कापूस भरला. एकीच्या आरशांवर दुसरीची पाठ येईल अशा दोन-दोन कोथळ्या एकत्र बांधल्या, म्हणजे काच काचेला न लागता मऊ अंगाला लागेल. मेणकापडाची घडी दुहेरी केली. मग माझी पाळी आली. तिने दोऱ्याला मेण चोळले, माझ्या नेढ्यातून ओवला आणि बोटागणिक एक टाका घातला. दर चार टाक्यांवर गाठ. माझ्या आयुष्यात तसे टाके मी कधी घातले नव्हते. या वेळी शेठ जेवायला उठले नाहीत, शिवण पुरी होईपर्यंत समोर बसून राहिले. त्या दिवशी त्यांना उपासच घडला.

पोस्टात रंगरावांनी पार्सल काट्यावर ठेवले. तीन रतलांच्या आत. त्यांनी शिवणीवर नख फिरवून पाहिले आणि म्हणाले, "शेठ, हे शिवण कोनाची?" शेठनी पिशवीतून मला काढून दाखवले. सोजरबाईचे नाव सांगितले आणि मलाही दाखवले, हे विशेष. शिवणीवर लाखेची मोहोर ठोकावी लागते. लाख किड्यांपासून होते, म्हणून शेठ तिला हात लावत नसत. रंगराव न बोलता ते काम आपणच करत. चांगली माणसे अशी एकमेकांची अडचण ओळखून चालतात.

मग वाट पाहणे आले. सोजरबाई दर बाजाराला येई, काही विचारत नसे, फक्त दुकानासमोरून सावकाश जाई. शेठ मान हलवून नाही म्हणत. जिनिंग सुटले नव्हते आणि खोकला वाढत होता. त्या वाटेवरून तिची पावले ऐकली की माझ्या लोखंडी अंगालाही कसेसे होई.

होळीच्या सुमाराला पत्र आले. शेठनी ते आधी स्वतःशी वाचले नाही. सोजरबाई समोर बसेपर्यंत थांबले आणि मग फोडले.

"दहाही पिशव्या उत्तम स्थितीत आहेत. एकही आरसा तडकलेला नाही. माझी बहीण दर दोन महिन्यांनी इतक्याच पिशव्या घेईल. आतील कापूस आम्ही फेकला नाही, तिने त्याची उशी केली. एक गोष्ट विचारते. मागच्या वेळी ज्वारी का होती?"

सोजरबाईने तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "लिहा शेठ. सांगा त्यायले काहून होती थे." शेठनी तिच्या शब्दांत सगळे लिहिले. तिची माय, रिकामी कोथळी, मूठ. दुसऱ्या दिवसापासून ती जिनिंगात गेली नाही.

पुढची बारा-तेरा वर्षे माझ्या भरभराटीची. तांड्यावरच्या आणखी चार बाया सोजरबाईजवळ बसून शिकल्या. दर दोन महिन्यांनी एक पार्सल. पोस्टात कोणाचे पार्सल फाटून परत आले की रंगराव म्हणत, "माणिकचंद शेठच्या दुकानातली दाभण पाहून या आधी." मला अगदी लाजल्यासारखे होई. खोटे कशाला बोलू, आवडे.

मग मोठे युद्ध सुरू झाले. बोटी बुडू लागल्या, पार्सले बंद पडली. शेवटचे पार्सल गेले ते पोहोचले की नाही, हेही कळले नाही. कोथळ्या तांड्यावरच्या लग्नांत, जत्रेत विकल्या गेल्या, सोजरबाईला जिनिंगात परत जावे लागले नाही, एवढे देवाने राखले. पण माझे काम गेले. एका पावसाळ्यात गळक्या छपराखाली मी ओली झाले आणि कोणाच्या लक्षात आले नाही. पुंजाजीचे शब्द खरे ठरले. अंगावर गंज चढला, नेढे बुजले. आपण मेलो असे मला वाटले.

एकोणीसशे सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात रंगरावांच्या जागी आलेला नवा माणूस दुकानात एक पार्सल घेऊन आला. वरची शिवण जाड दोऱ्याची होती. बोटागणिक एक टाका, दर चार टाक्यांवर गाठ. कोणीतरी माझी नक्कल केली होती, आणि बरी केली होती.

सोजरबाईला बोलावणे गेले. आता ती थकली होती, दृष्टी मंद झाली होती. शेठनी शिवण उसवली. आत एकच कोथळी होती. लाल रंग विटलेला, सातांपैकी एक आरसा निखळलेला. सोजरबाईने बोटांनी चाचपली आणि ओळखली. पोहरादेवीच्या जत्रेत कमरेची सोडून दिली होती तीच. शेठ पत्र वाचू लागले.

"माझी बहीण आता राहिली नाही. दुकानही नाही. ही माझी पहिली पिशवी आहे. हिचा आरसा पडला आहे. तो लावून परत पाठवावी, एवढीच विनंती. सोजरबाई, पिशवी रिकामी पाठवणे मला बरे वाटले नाही. आमच्या गावचे मूठभर सातू आत ठेवले आहेत."

शेठनी नाडी सोडली, कोथळी ताटलीत उपडी केली. सातू पडले. आणि सातूंबरोबर सोंडेही पडले, चांगले जिवंत, चालते-फिरते!

मग सोजरबाई हसू लागली. हसता हसता तिचा दम लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "शेठ, तिनं बी तेच केलं! पाहा, पाहा, तिनं बी रिकामी नाई धाडली माझी कोथळी!" शेठ मात्र ताटली घेऊन घाईने अंगणात गेले. निंबाच्या सावलीत त्यांनी सातू पसरले आणि सोंडे आपापल्या वाटेने जाईपर्यंत, चिमण्यांनी ते टिपू नयेत म्हणून, छत्री उघडून तिथे राखण करीत बसले. एवढा मोठा व्यापारी माणूस!

त्यानंतर माझी आठवण झाली. कंचनबाईंनी मला शोधून काढले, राखेने घासले, तेलात ठेवले, नेढ्यातला गंज काडीने काढला. सोजरबाईने नुसत्या बोटांच्या अंदाजाने आरसा बसवला, कोथळीत कापूस भरला. पेटी तयार झाली, तोलून झाली. ऊन उतरायला आले. मी तिच्या हातात होते.

सोजरबाईने पदराची गाठ सोडली. पदरात ज्वारीची एक लाही होती. एकच. भाजून फुललेली, जिच्यात आता सोंडा होणार नाही आणि जिचे वजन कोणत्याही काट्याला कळणार नाही. या वेळी तिने लपवले नाही. ती तळहातावर घेऊन शेठकडे पाहत राहिली.

शेठनी लाहीकडे पाहिले, मग बाहेर. "सोजरबाई, दिवस मावळून राह्यला," ते म्हणाले. "मी जेवाले जातो. तुमी शिवून घ्या."

मित्रांनो, ती लाही कोथळीत ठेवून तिने मला ओवले, आणि ते टाके घालताना मला जे वाटले ते सांगायला मला तोंड हवे होते.

आज मी कंचनबाईंच्या डब्यात, तेलाच्या बोळ्यात खोचून असते. पुंजाजीने मला घडवले, सोजरबाईने चालवले, आणि ज्यांची तोंडे मी कधी पाहिली नाहीत अशा शेकडो हमालांनी, खलाशांनी, टपालवाल्यांनी माझे टाके न फाडता पैलतीरी पोहोचवले. त्या सर्वांची मी ऋणी आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी दाभण असेल तर तिला कोरडी ठेवा, तेलाचे बोट लावा. आणि कोणाला काही पाठवाल तेव्हा हलके बांधा, घट्ट शिवा, आतल्या काचेला मऊ काही द्या. मग नाडी ओढण्यापूर्वी एकदा पदर चाचपून पाहा. एखादी लाही तरी सापडेलच.